शिरड शहापूर–अंटार्क्टिका, मार्गे वसमत

५ एप्रिल २०२४ रोजी अंटार्क्टिकातल्या ‘भारती’ या आपल्या संशोधन ठाण्यावर टपाल कचेरी सुरू झाली आणि तिला प्रायोगिक पिनकोड मिळाला एमएच-१७१८. हिंगोलीच्या गाड्यांवर एमएच-३८ असतं, पेंग्विनांच्या पत्त्यावर एमएच-१७१८. यात खात्याची काही चूक नाही. मोहिमांचा कारभार गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. गोवा टपालापुरता महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तेव्हा गोव्याचं बोट धरून अंटार्क्टिकाही आपल्याकडे आला. एका बेळगावसाठी आपण पिढ्यान् पिढ्या भांडतोय, आणि इथे अख्खा खंड न मागता पदरात पडला तर कुणी साधे पेढे वाटले नाहीत. माझं म्हणणं मात्र पिनकोडाच्या पुढचं आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरचा माणूस अंटार्क्टिकात राहायला गेला, तर तो परक्या मुलखात गेला असं म्हणता येणार नाही. ध्रुवावर टिकायला पोलादी छाती लागते ही समजूत गोऱ्या दर्यावर्द्यांच्या पुस्तकांनी आपल्या डोक्यात भरवली. प्रत्यक्षात तिथे लागते सवय. गाडीची वाट बघायची, पाणी जपून वापरायचं, अंधारात काम उरकायचं आणि तीच ती तोंडं वर्षभर बघत राहायचं. या चारही विषयांत आपल्या गावाचा पाया पक्का आहे.

प्रवासापासूनच बघू. शिरड शहापूरहून निघायचं तर आधी वसमत, मग नांदेड, तिथून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून विमानानं आफ्रिकेच्या टोकाला केपटाउन. इथवरचा प्रवास तिकिटाच्या भरवशावर होतो, पुढचा नशिबाच्या. केपटाउनहून आयएल-७६ हे रशियन बनावटीचं मालवाहू विमान साधारण सहा तासांत नोव्होलाझारेव्हस्काया या रशियन ठाण्याजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. आता ते सुटणार कधी, तर तिकडची हवा परवानगी देईल तेव्हा. आज नाही, उद्या बघू, उद्याही वारा आहे. सामान बांधून बसलेला युरोपियन माणूस इथेच खचायला लागतो, कारण वेळापत्रक ही खरी गोष्ट असते असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आपला माणूस फाट्यावर उभा राहून मोठा झालेला. “गाडी कवा हाय?” “येईल की.” एवढ्या संवादावर तो दोन तास काढतो, आणि गाडी आलीच तर त्याला किंचित चुकल्यासारखंही होतं. त्या विमानाच्या पोटात माणसं आणि खोकी एकाच दालनात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात नेतात, याचं प्रवासवर्णनकारांना मोठं कौतुक वाटतं. काळी-पिवळीतून वसमतचा बाजार केलेल्या माणसाला त्यात एकच उणीव जाणवेल, की टपावर कुणाला बसू देत नाहीत. जहाजाचं म्हणाल तर डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या जहाजानं निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. पस्तीसेक दिवस. शेगावची पालखी पंढरपूरला पोचायला महिनाभर घेते, तेही पायी, आणि वाटेत कुणी त्याला मोहीम म्हणत नाही.

आता राहण्याचं. अंटार्क्टिकात दोन प्रकारची माणसं जातात. उन्हाळ्यापुरती जाऊन फोटो काढून येणारी, म्हणजे पाहुणे. आणि हिवाळा काढायला वर्ष-सव्वा वर्ष राहणारी. या दुसऱ्या जातीसाठी इंग्रजीत लांबलचक नावं आहेत, परंतु परभणी-हिंगोलीत त्यांच्यासाठी एकच शब्द पुरेल: सालगडी. पाडव्याला साल ठरतं, आगाऊ उचल घेतली जाते आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत मधेच उठून जायची सोय नाही. गावाबाहेर आखाडा, आखाड्यावर एक खोली, खोलीत बाज, बाजेखाली बॅटरी, सोबतीला बैल आणि रात्री बिबट्याच्या अफवा. आखाड्यावरच्या सालगड्यात आणि ध्रुवावरच्या हवामानतज्ज्ञात फरक शोधायचाच तर तो असा की सालगड्याच्या नावे शोधनिबंध निघत नाही. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या, तेव्हा त्यांचं वय ५६ होतं आणि तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्या बाई होत्या. वर्तमानपत्रांनी ४०३ या आकड्याला मोठा मथळा दिला, तो योग्यच. पण आपल्याकडे सालं मागून सालं एकाच आखाड्यावर काढलेली माणसं आहेत, आणि त्यांचा मथळा कुणी दिलेला नाही.

घर कसं बांधावं याबाबतही तोच प्रकार. आपलं पहिलं ठाणं ‘दक्षिण गंगोत्री’ १९८३-८४ मध्ये थेट बर्फाच्या थरावर उभं केलं. बर्फानं आपलं काम केलं. वाऱ्याबरोबर येणारा हिमकण घराला अडून साचत गेला आणि काही वर्षांत ठाणं गाडलं गेलं. मग १९८९ मध्ये ‘मैत्री’ बांधलं ते शिर्माकर टेकड्यांमधल्या उघड्या खडकावर, आणि तेही लोखंडी पायांवर उचलून, म्हणजे वारा आणि बर्फ खालून निघून जावा. १३४ कंटेनर जोडून उभारलेलं ‘भारती’ २०१२ मध्ये झालं, तेही असंच पायांवर उचललेलं. जमिनीशी भांडण नको असेल तर तिच्यापासून हातभर वर राहावं, हे ज्ञान आपल्याकडे हरभऱ्याची राखण करणाऱ्या पोरालाही असतं. तो त्याला मचाण म्हणतो.

पाण्याचा मुद्दा मांडताना मला थोडं जपून बोलावं लागेल, कारण शिरड शहापूर म्हणजे काही लातूर नव्हे. सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात आहे, पूर्णेचा कालवा आहे, वसमतकडे तर ऊस आणि केळीही आहेत. तरीही कालव्याचं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे. ते पाळीनं येतं. आवर्तन कधी सुटणार, शेपटाच्या शेतापर्यंत पोचणार का, वरच्या गावानं दार उचललं का, या चिंतेत उन्हाळा जातो. ध्रुवावरचं पुरवठ्याचं जहाज म्हणजे हेच आवर्तन. वर्षातून एकदा येतं, उशिरा येतं आणि आलं की सगळे कामाला लागतात. पिण्याच्या पाण्याची तिथली गंमत तर मराठवाड्यालाच कळावी. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास त्या एका खंडावर बर्फाच्या रूपात पडून आहे, आणि तिथल्या माणसाला तांब्याभर पाण्यासाठी इंधन जाळावं लागतं. पाऊस म्हणाल तर आतल्या पठारावर वर्षाला पन्नास मिलिमीटरभर पाण्याइतका हिम पडतो. आपल्याकडे तेवढा एका वळवात होतो. ‘मैत्री’ला प्रियदर्शिनी सरोवराचं पाणी आहे. वर गोठतं, खाली वाहतं राहतं, तिथून पाइपानं आणतात आणि पाइप गोठू नये म्हणून त्याची बाळंतिणीसारखी शेकशेगडी करावी लागते. ‘भारती’वर समुद्राचं खारं पाणी यंत्रातून गोडं करतात. म्हणजे आरओ. मराठवाड्यातल्या गावागावांत वीस लिटरचा जार पोचवणारा छोटा हत्ती फिरतो, त्याचाच हा मोठा भाऊ. आणि पाणी लांबून आणायचं यात ज्यांना नवल वाटतं त्यांना एप्रिल २०१६ आठवत नसावा, मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी गेलं होतं तो.

इथे कुणीही शहाणा वाचक हात वर करील. थंडीचं काय? ‘मैत्री’वर हिवाळ्यात पारा उणे तिशीखाली जातो, रशियनांच्या व्होस्तोक ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले. जिथे मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं तिथला माणूस यात कसा तगणार? आक्षेप वजनदार वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. थंडीवर उपाय आहे आणि तो सरकार देतं. अंगभर पोशाख, उबदार ठाणं, औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावरचं प्रशिक्षण, दिल्लीत एम्समध्ये तपासण्या. चव्वेचाळीस अंशांवर सरकार काय देतं? दुपारी घराबाहेर पडू नका, हा सल्ला. त्यावर एकच खरा उपाय होता, लिंबाखाली पडून राहणं, आणि तो लिंब रस्तारुंदीत गेला. शिवाय मराठवाडा थंडीत अगदीच कोरा नाही. परभणीचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याची बातमी अधूनमधून येते, आणि त्याच रात्री गव्हाला पाणी द्यायची पाळी असते, कारण शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची. पहाटे दोनला पोटरीभर पाण्यात उभं राहून, हातातल्या बॅटरीच्या उजेडात दंड फोडणाऱ्या माणसाला ‘प्रतिकूल परिस्थितीत काम करण्याचा अनुभव’ या रकान्यात काय लिहायचं ते वेगळं शिकवायला नको. वाऱ्यापुढे मात्र माझा युक्तिवाद थोडा डळमळतो, हे कबूल करतो. हिमवादळात दोन इमारतींमधल्या दोरीला धरून चालावं लागतं, एवढंसं अंतर, पण दोरी सुटली की माणूस गेला. याला तोड आपल्याकडे नाही. वावटळ येते, दोन-चार पत्रे नेते आणि विषय संपतो.

अंधाराचं तसं नाही. ‘मैत्री’वर हिवाळ्यात जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि उन्हाळ्यात तितकाच काळ मावळत नाही. भारनियमनाच्या वर्षांत बारा-बारा तास काढलेल्या माणसाला पहिल्या भागाचं काही वाटणार नाही. ठाण्यावर उलट जनरेटर अखंड चालू असतो. खरी पंचाईत धर्माची. शिरड शहापूरला मल्लिनाथांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे, लांबून लोक दर्शनाला येतात. दिवस असतानाच जेवायचं हे व्रत पाळणाऱ्यानं ध्रुवीय रात्रीत काय करावं? दोन महिने निराहार? आणि डिसेंबरात चोवीस तास जेवणाची मुभा? यावर कुणीतरी अधिकारी माणसानं निर्णय द्यायला हवा. दुसरं उदाहरण तर नियतीनं मुद्दाम रचल्यासारखं आहे. समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत या सुदीप्ता सेनगुप्तांसह १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया त्याच. अदितीबाई जन्मल्या नागपूरला, घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं. सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार केलेल्या राजांची नात अशा ठिकाणी गेली जिथे तेव्हा सूर्य मावळतच नव्हता, म्हणजे नमस्कार थांबवायचे कधी हाच प्रश्न. औंधची लेक जाऊ शकते तर औंढ्याचं कुणी का जाऊ नये? दोन्ही नावांत कानाढकाराचाच काय तो फरक.

दिशांचाही बाऊ करू नये. दक्षिण ध्रुवाच्या टिंबावर उभं राहिलं की चहूकडे उत्तरच, दुसरी दिशा शिल्लक राहत नाही, याचं भूगोलाच्या मास्तरांना भारी अप्रूप असतं. पण ज्या औंढ्यात नामदेवांना देवळामागे पिटाळलं म्हणून देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरल्याची कथा सांगतात, तिथल्या पोराला दिशा हा पक्का पदार्थ वाटतच नाही. आणि लोकमान्य टिळकांनी तर १९०३ साली आर्यांचं मूळ गावच उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं. वेदांतली लांबच लांब पहाटेची वर्णनं आणि सहा महिन्यांचा दिवस हे त्यांचे पुरावे. पंडितांनी ते मानलेलं नाही, मलाही ते पटत नाही, परंतु ध्रुवाकडे न जाता ध्रुवावरचं मूळ गाव सिद्ध करणं ही मराठी परंपरा त्यामुळे प्रस्थापित झाली, आणि प्रस्तुत लेखही तिच्याच आश्रयानं लिहिला जातो आहे.

सोबतीचा आक्षेप याहून अवघड. वीस-पंचवीस माणसं, बाहेर जायला जागा नाही, पाहुणा नाही, भांडण झालं तर माहेरी जायची सोय नाही. हिवाळा काढणाऱ्यांच्या डोळ्यांत एक शून्य नजर येते, तिला ‘अंटार्क्टिक स्टेअर’ म्हणतात; माणूस समोर बसलेला असतो आणि बघत असतो भिंतीपलीकडे. मानसशास्त्रज्ञांनी तिच्यावर बरंच लिहिलंय. ती नजर पाहायला इतक्या लांब जायची गरज नव्हती. कुठल्याही पारावर दुपारी तीनला चार जण बसलेले असतात, चौघांची तीच नजर असते आणि कुणी त्यांना उपचाराला नेत नाही. गप्पा संपलेल्या असतात, राजकारण संपलेलं असतं, तरी उठायचं नसतं. एकमेकांना सहन करण्याचं हे शास्त्र आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की भावकीच्या जोरावर पंचवीस जणांत चार तट पाडूनही आपण पंगतीला एकत्र बसू. राहिला आजारपणाचा धसका. ‘मैत्री’पासून पाचेक किलोमीटरवरच्या त्या रशियन ठाण्यात ३० एप्रिल १९६१ रोजी लिओनिद रोगोझोव्ह या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरानं स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं, कारण ठाण्यात दुसरा डॉक्टर नव्हता. गोष्ट थरारक आहे. तरी आपला माणूस तिचा शेवट ऐकून एवढंच विचारील, की डॉक्टर जागेवर होता, हे खरं का?

एक गोष्ट मात्र त्याला तिथे नक्की आवडेल. अंटार्क्टिकावर सात देशांचा मालकीहक्काचा दावा आहे, आणि १९५९ च्या करारावर पहिल्यांदा सह्या केल्या त्या बारा देशांनी. सात आणि बारा. जगाच्या पाठीवर इतका स्पष्ट सातबारा दुसऱ्या जमिनीला नसेल. ‘मैत्री’ नॉर्वेच्या दाव्यातल्या जमिनीवर उभं आहे, ‘भारती’ ऑस्ट्रेलियाच्या. भारत १९८३ मध्ये करारात आला आणि आपला दावा कुठलाच नाही. करारानं सगळे दावे आहेत तिथे थांबवले, म्हणजे आपल्या भाषेत जैसे थे. बांध कोरायला कुणाला परवानगी नाही, फेरफार होत नाही, तलाठी नाही, मोजणी नाही. ज्याच्या तीन पिढ्या दीड फूट बांधापायी वसमतच्या कोर्टात गेल्या, त्याला हे सगळं स्वप्नवत वाटेल. आठवड्याभरानं करमेनासं होईल, तो भाग वेगळा.

जेवणाचा मुद्दा मी मुद्दाम आखडता घेतो, कारण तिथे आपली बाजू निर्विवाद आहे. हिवाळ्यात ताजी भाजी नाही, सगळं साठवणीतलं. ध्रुवीय वीरांनी पेमिकन नावाचा जो पदार्थ अजरामर केला, तो म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी यांच्या वड्या. त्याला मांसाच्या खारोड्या म्हणायला हरकत नाही. ज्या घरात मे महिन्यात वर्षभराच्या खारोड्या, सांडगे, कुरडया, पापड डब्यांत जातात, त्या घरातली बाई रसद अधिकारी म्हणून नेमली असती तर बऱ्याच मोहिमांचे हाल वाचले असते. वसमतची हळद तर भौगोलिक मानांकनासह नेता येईल.

मग माझा पक्ष हरतो कुठे? हरतो, आणि वाईट हरतो, ते एकाच जागी. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार तिथे आणलेला कचरा परत न्यावा लागतो. प्लास्टिक, डबे, बॅटऱ्या, सगळं बांधून जहाजात. बाहेरचं बियाणं नको म्हणून बूट घासून घ्यायचे. परकी माती न्यायची नाही. कुत्री १९९४ पासून हद्दपार आहेत, म्हणजे स्टँडवर झोपणाऱ्या त्या पिवळ्या कुत्र्यालाही सोबत नेता यायचं नाही. आणि पिंक. पांढऱ्याशुभ्र, हजारो वर्षं कुणी न तुडवलेल्या त्या बर्फावर पिंक टाकता येत नाही. तंबाखू मळली, बार भरला, दार उघडलं, समोर क्षितिजापर्यंत स्वच्छ मैदान, आणि थुंकायचं नाही. यावर कुणी असं म्हणेल की माणूस सवय सोडू शकतो. मी ऐकायला तयार आहे, पण पुरावा मिळेपर्यंत हा मुद्दा विरोधी पक्षाला देऊन टाकतो.

उलट बाजूनं एक पुरावा मात्र माझ्या खिशात आहे. जगातले शास्त्रज्ञ शांतता शोधत ध्रुवावर जातात, हे खरं. पण गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारायला त्यांनी जी शांत जागा हेरली ती औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत पकडायचा बदल प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका. ज्या मुलखात ट्रकच्या हॉर्नशिवाय काही घडत नाही अशी तक्रार आपण करत आलो, त्याच कारणासाठी केंद्रानं २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. एखाद्या पीएचडीवाल्याला आता शिरड शहापूरच्या फाट्यावर उतरून गाडीची वाट बघत उभं राहावं लागेल, आणि ध्रुवावरून आलेला असेल तर तो सहज उभा राहील.

राहता राहिलं ते टपाल, जिथून सुरुवात केली. ‘दक्षिण गंगोत्री’वर १९८४ मध्ये पहिली कचेरी निघाली, ठाणं गाडलं गेल्यावर १९९० मध्ये ती ‘मैत्री’वर आली. तिथे शिक्का मारलेली पत्रं वर्षातून एकदा, परतणाऱ्या माणसांबरोबरच, गोव्याला येतात आणि तिथून पुढे वाटेला लागतात. म्हणजे शिरड शहापूरचा माणूस वर्षभर राहून घरी येईल, चहा घेईल, पारावर बसून येईल, दोन दिवस झोपेल. आणि मग एका दुपारी पोस्टमन सायकल भिंतीला लावून पेंग्विनाच्या शिक्क्याचं पाकीट त्याच्याच हातात देईल. आत लिहिलेलं असेल: सुखरूप आहे, पाणी आहे, लाईट आहे, गाडीचं काही सांगता येत नाही.